पावसाळ्याआधी घराच्या फटी: झुरळं, उंदीर, वाळवी शिरतात तरी कुठून?

रानजाई (पुणे)

मृग लागायला जेमतेम पंधरा दिवस राहिलेत, म्हणून धागा आत्ताच काढते. पाऊस सुरू झाला की गटारं भरतात, बिळांत पाणी शिरतं आणि बाहेर राहणारं सगळं कोरडी जागा शोधत घरात येतं. मग औषधं मारत बसण्यापेक्षा आत्ताच फटी बुजवलेल्या बऱ्या, हे मी या वर्षी माझ्याच स्वयंपाकघरात शिकले.

आमचं घर तळमजल्यावर, इमारत तीस वर्षांची. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पेस्ट कंट्रोल करून घेत होते. दर वेळी ओटा, ट्रॉल्या, मांडणी सगळं रिकामं करायचं, डबे बेडरूममध्ये, मुलांना बहिणीकडे पाठवायचं, दुसऱ्या दिवशी सगळं घासून परत लावायचं. आणि तीन आठवड्यांत झुरळं पुन्हा ओट्यावर. माणसं यायची, फवारायची, जायची. झुरळं येतात कुठून हे त्यांनी पाहिलं नाही आणि मीही पाहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका रात्री साडेबाराला दिवे घालवून स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद बांधला होता, कारण झुरळांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही. दहा मिनिटांत पहिलं आलं. सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथे एक चकचकीत गोल चकती असते ना, ती भिंतीला टेकलेली वाटते, पण टेकलेली नव्हती. तिच्या कडेखालून आधी दोन मिशा बाहेर आल्या, बराच वेळ हलत राहिल्या आणि मग अंग चपटं करून अख्खं झुरळ सरकत बाहेर आलं. सकाळी चकती मागे ओढली तर पाइपाभोवती माझी दोन बोटं जातील एवढं भोक. पाइप टाकताना फोडलेलं आणि चकतीखाली झाकून दिलेलं.

दुसरी वाट पाहुण्यांच्या बाथरूममध्ये सापडली. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्यात, साधारण दोन इंच पाणी साठून राहतं. गटार आणि आपलं घर यांच्यात तेवढाच काय तो पडदा असतो. बाथरूम वापरात नसेल तर उन्हाळ्यात ते पाणी आटतं आणि गटाराची वाट मोकळी होते. आमचं बाथरूम दोन महिने बंद होतं. तिसरी जागा ओट्याखाली, कडप्पा भिंतीला भिडतो तिथली लांबच लांब चीर. मोठं झुरळसुद्धा 3 मिलिमीटरच्या फटीतून जातं. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून पाहा, जवळपास तेवढीच जागा.

केलं ते इतकंच: पाइपाभोवतीचं भोक सिमेंटने भरून वर चकती सिलिकॉनने चिकटवली, कडप्प्याची चीर पांढऱ्या सिमेंटने भरली, बंद बाथरूमच्या नहाणीत दर रविवारी तांब्याभर पाणी. बाहेरगावी जायचं असेल तर पाण्यावर चमचाभर खायचं तेल ओतते, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. वॉशिंग मशीनचा पाइप मोरीच्या जाळीत नुसता खुपसलेला होता, त्याभोवती रबरी बूच बसवलं. सगळा खर्च हजाराच्या आत. दीड महिना झाला, रात्री पाणी प्यायला उठले तर ओटा स्वच्छ असतो. मला किती बरं वाटतं ते सांगता येणार नाही.

आता तुमच्याकडून हवं आहे ते असं. तुमच्या घरात काय कुठून आलं आणि ती वाट कशी बंद केली? आणि एक भीती आहे. बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर खालून वर वीतभर मातीची रेघ चढलेली दिसते आहे. ती वाळवीच आहे का?

चाळकरी (गिरगाव, मुंबई)

ताई, फार कामाचा धागा. मी उंदरांबद्दल लिहितो.

चाळीत एकट्याच्या घराची फट बुजवून भागत नाही. आमच्या मजल्यावर बारा बिऱ्हाडं. माझ्या मोरीला जाळी बसवली तर उंदीर शेजाऱ्यांच्या मोरीतून वर येणार आणि सामाईक माळ्यावरून माझ्याकडे उतरणार. 2005 च्या 26 जुलैच्या महापुरानंतर आमच्या मजल्यावरच्या एका तरुण मुलाला लेप्टो झाला, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप. गुडघाभर पाण्यातून चालत घरी आला होता, पायाला जखम होती. तो वाचला, पण त्यानंतर सगळे एकत्र बसलो आणि एका रविवारी मजल्यावरची झाडून सगळी भोकं भरली. त्यात एक भोक जरी राहिलं असतं तरी सगळी मेहनत वाया गेली असती.

भरायचं कशाने, हे महत्त्वाचं. नुसतं सिमेंट ओलं असतानाच उंदीर उकरतो. कापूस, कागद, थर्माकोल, फोम हे त्याला खेळणं. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला कुरतडावंच लागतं. आमचे जुने गवंडी सिमेंटमध्ये बाटलीच्या काचांचा चुरा घालायचे, ते आजही उत्तम. हातमोजे घालून करा. काच नको असेल तर भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी भोकात गच्च कोंबा आणि वरून सिमेंट थापा. पेन्सिल आत जाते त्या भोकातून घरातला लहान उंदीर जातो, हे माप लक्षात ठेवा. दाराखालची फट याच मापाने तपासा.

घूस वेगळी. ती भोकातून येत नाही, ती जमीन पोखरून येते. तळमजल्याच्या जोत्यापाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला की समजायचं. तिथे वरवर माती लोटून उपयोग नाही, फरशी उचलून खाली खडी आणि काँक्रीट घालावं लागतं.

मुंबईला हे दुखणं नवीन नाही. 1896 ला प्लेग आला, त्यानंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) निघाला, दाट वस्त्या फोडून हवा-उजेड यावा म्हणून रस्ते काढले, चाळी बांधल्या. आजच्या बीआयटी चाळी त्याच ट्रस्टच्या. उंदीर, कोंदट खोल्या आणि आजार यांचा संबंध या शहराने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. म्हणून जिन्याखाली कचऱ्याची पिशवी रात्रभर ठेवणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, बाबा रे, सकाळी गाडी आली की थेट गाडीत टाक.

पीसीवाला (नाशिक)

मी अठरा वर्षं पेस्ट कंट्रोलच्याच धंद्यात आहे, म्हणून आमच्या लोकांची चूक आधी कबूल करतो. बरेच जण वर्षाचं कंत्राट विकतात आणि गुडघे टेकून सिंकखाली पाहत नाहीत. रानजाईताईंनी लाल टॉर्च घेऊन जे केलं ते खरं तर आमचं काम आहे. पहिल्या भेटीत जो माणूस अर्धा तास फक्त बघत फिरतो, प्रश्न विचारतो, त्याला काम द्या. त्याच्याकडे 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे का ते विचारा आणि कोणतं औषध मारणार ते बिलावर लिहून घ्या.

झुरळं दोन प्रकारची, आणि उपाय दोन प्रकारचे. मोठं तांबूस, दीड इंचाचं, ते गटारातलं. ते बाहेरून येतं. त्याला वाट बंद करणं हाच उपाय, ताईंनी केला तो. दुसरं छोटं, अर्ध्या इंचाचं, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा. त्याला जर्मन झुरळ म्हणतात. हे गटारातून येत नाही, आपण हाताने घरात आणतो. किराण्याची खोकी, कांद्याबटाट्याचं पोतं, जुना फ्रीज, जुना मिक्सर यांतून येतं. त्याची मादी अंड्यांची पिशवी पिल्लं बाहेर पडेपर्यंत अंगालाच बाळगते आणि एका पिशवीत तीस ते चाळीस अंडी. म्हणून एक मादी घरात आली तरी पुरते. खोकं दाराबाहेर रिकामं करा, सामान आत, खोकं बाहेर. घरात खोक्यांचा साठा करूच नका, पुठ्ठ्याच्या नळ्यांसारख्या पोकळ्या ही त्यांची आवडती जागा.

या छोट्या झुरळाला फवारा मारू नका, ती पांगतात आणि बेडरूममध्ये पोचतात. जेल लावा. ट्रॉलीच्या बिजागरीपाशी, फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, गॅसच्या शेगडीखाली, मसुराच्या दाण्याएवढे ठिपके. एक खाऊन मेलेलं दुसरी खातात, तीही मरतात. मात्र जेल लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारला किंवा फिनेलने पुसलं की झुरळं जेलला तोंड लावत नाहीत, हे शंभरातल्या नव्वद घरांत होतं. अंड्यांवर जेल चालत नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरा हात द्यायचा.

ताई, चौकटीवरची रेघ वाळवीच असणार. अर्धा इंच तुकडा चाकूने अलगद काढा, बाकी तशीच ठेवा, दोन-तीन दिवसांनी बघा. तुकडा परत बांधलेला दिसला तर आत वाळवी जिवंत आहे. कृपा करून सगळी रेघ झाडूने साफ करू नका.

मृद्गंध (कोल्हापूर)

पीसीवाला दादा, शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं. मी नेमकं तेच केलं होतं.

आईच्या खोलीत भिंतीतलं लाकडी कपाट आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात अशीच मातीची नळी दिसली, मी ओल्या फडक्याने पुसून टाकली, वर स्प्रे मारला आणि विसरले. आठ महिन्यांनी आईच्या लग्नातला शालू काढायला खालचा कप्पा उघडला. वरची घडी जशीच्या तशी, रंगही तसाच. हातात घेतली आणि खालच्या सगळ्या घड्या मातीसारख्या गळून पडल्या. त्याखाली तिच्या हातची पाककृतींची वही होती. पुठ्ठा शाबूत, आत फक्त कडा उरलेल्या. पुरणपोळीच्या पानावरचं ‘कटासाठी’ एवढं एकच अक्षर वाचता आलं.

तेव्हा का पुसायचं नाही, ते सगळ्यांसाठी नीट सांगाल का?

पीसीवाला (नाशिक)

ताई, वाचून फार वाईट वाटलं. सांगतो.

आपल्याकडची वाळवी बहुतेक जमिनीत राहते. तिला ओल लागते, उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून मातीची झाकलेली वाट बांधत लाकडापर्यंत येते. नळी पुसली की आपल्याला दिसणारी एक वाट मोडते, राणी आणि सगळं वारूळ जमिनीखाली जागच्या जागी असतं. ते दुसरी वाट बांधतात, बहुधा आपल्याला न दिसणाऱ्या जागी, कपाटाच्या पाठीमागून. आणि नळी कुठून निघाली हे शोधायची खूणच आपण पुसून टाकलेली असते.

उपचार जमिनीत व्हावा लागतो. भिंत आणि फरशी मिळतात तिथे साधारण फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध खाली सोडतात आणि भोकं परत बुजवतात. यासाठी आयएस 6313 हे भारतीय मानक आहे, त्याचा तिसरा भाग बांधून झालेल्या घरांसाठी आहे. नवीन घर बांधत असाल तर पाया भरतानाच दुसऱ्या भागाप्रमाणे करून घ्या, तेव्हा खर्च फार कमी येतो आणि नंतरची फरशी फोडायची वेळ येत नाही.

घरच्यांनी करायचं ते असं. लाकडी कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढून ठेवा. भिंतीला ओल असेल तर आधी गळका पाइप दुरुस्त करा, ओल गेल्याशिवाय वाळवी जात नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखांचे किडे दिव्यावर येतात, ती वाळवीच असते, नवीन घर शोधायला निघालेली. बाहेरून आली तर खिडक्या लावा, दिवे मालवा, तासाभरात संपतं. पण सकाळी बंद खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा ढीग दिसला तर ती तुमच्याच घरातून निघाली आहेत असं समजा आणि वेळ घालवू नका.

आगरवाट (दापोली)

शहरवाल्यांचं झालं, आता आमच्या कोकणातलं थोडं.

आमच्याकडे झुरळापेक्षा विंचवाची धास्ती. घर चिऱ्यांचं, वर कौलं, आणि चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांतली भरणी, निघाल्या की विंचवाला आयतं बीळ. लाल विंचू आकाराने लहान, विष मात्र भारी, मुलांच्या जिवावर बेततं. महाडच्या डॉक्टर हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर चालतं हे दाखवून दिलं, म्हणून आज आमची कित्येक पोरं वाचतात. तरी चावूच नये यासाठी करायचं ते घरातच आहे.

पडवीत भिंतीला लागून लाकडं, करवंट्या, चिऱ्यांचे तुकडे रचायचे नाहीत. आम्ही लाकडांचा मांडव अंगणाच्या पलीकडे नेला, जमिनीपासून हातभर वर. दर्जा दर दोन वर्षांनी मेमध्ये भरून घेतो. चपला झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, हे नातवंडांना आम्ही पाढ्यांसारखं शिकवलंय. एक युक्ती लक्षात ठेवा, नोटा तपासायचा तो जांभळा दिवा असतो ना, त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. पावसाच्या तोंडावर मी रात्री तो दिवा घेऊन पडवी फिरतो. मागच्या वर्षी दगडी पायरीच्या खाचेत असे तीन चमकले, एक तर अगदी नातीच्या सायकलच्या चाकापाशी.

आणि साप. साप माणसासाठी येत नाही, उंदीर-बेडकांच्या मागे येतो. घरात उंदीर नसतील तर अर्धी भीती गेली. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून दाराखाली रबरी पट्टी हवीच, आणि खाली झोपायचं तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.

बालाघाट (बीड)

धान्याचं कोणी बोललं नाही अजून. आमच्याकडे सगळ्या गोष्टीचं मूळ तेच.

1994 साली मी शाळेत होतो. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला. आमच्या जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी निघाल्या, नंतर सुरतेत साथ आली. भूकंपाच्या भीतीने लोक घरं सोडून बाहेर राहायला गेले होते, रिकाम्या घरांत धान्य तसंच पडून होतं आणि उंदीर माजले होते. ते दिवस मी विसरलेलो नाही. रस्त्यावर उंदीर मेलेला दिसला तरी आई आम्हाला हाताला धरून लांबून न्यायची. आजही आमच्या घरात धान्य पोत्यात ठेवत नाहीत. पत्र्याची कोठी, घट्ट झाकण, खाली विटा, भिंतीपासून लांब.

किड्यांचं वेगळं. तुरीला, हरभऱ्याला, मुगाला जो भुंगा लागतो तो बहुतेक वेळा शेतातूनच आलेला असतो, शेंगेवर अंडी घातलेली असतात. म्हणून डबा कितीही घट्ट असला तरी आतून भुंगे निघतात आणि सासू सुनेला बोलते की झाकण नीट लावलं नाहीस. सुनेची काही चूक नसते. चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस पातळ पसरून वाळवायचं, रात्री झाकायचं, पूर्ण गार झाल्यावर भरायचं. गरम भरलं की आत घाम धरतो आणि टोके होतात. डाळीला एरंडेल चोळायचं, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला.

कळकळीने एक सांगतो. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवू नका. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, त्याला उतारा नाही. शेजारच्या बंद खोलीतसुद्धा तो शिरतो. त्या गोळ्या गोदामासाठी आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसासाठी आहेत, दुकानदार सहज देतो म्हणून आणू नका.

सोनटक्का (ठाणे)

शहरात ऊन कुठलं आणायचं? मी रवा, मैदा, बेसन आणल्या आणल्या चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवते, अंडी असली तरी मरतात. मग बाहेर काढून पिशवीवरचं पाणी सुकलं की डब्यात. रव्याला जाळी धरणं बंद झालं. रवा भाजून ठेवला तरी चालतो, आजी तेच करायची.

मला विचारायचं होतं ते वेगळं. घरात रांगतं बाळ आहे. भिंतीवर ओढायचा खडू आणि उंदराचं औषध यातलं काय चालेल?

पीसीवाला (नाशिक)

सोनटक्काताई, दोन्ही नको. खडूतही कीटकनाशकच असतं, बाळ भिंतीला हात लावून तोंडात घालणार. जेल चालेल, पण बिजागरीच्या आत, बाळाच्या हाताला येणार नाही तिथेच.

उंदरासाठी पिंजरा लावा. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट काही ठिकाणी अजून मिळते, ती पावाला, टोमॅटोला लावून ठेवतात. पोटात गेली तर एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. त्यावरही उतारा नाही. कुणाच्याही पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी बरं वाटतंय म्हणून थांबू नका, पाकीट बरोबर घेऊन थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

जर्सीकर (न्यू जर्सी)

इथे ऑक्टोबरात थंडी पडली की उंदीर घरात घुसतात. उपाय चाळकरी काकांनी सांगितला तोच, स्टीलची घासणी आणि वर सीलंट. आमच्याकडे कपडे वाळवायच्या यंत्राचा वाफेचा पाइप भिंतीबाहेर निघतो, तिथली झडप मोडली होती. बाकी सगळं घर दोन वर्षं तपासलं, ते एक राहिलं होतं. आणि भारतीय दुकानातून आणलेल्या तांदळाच्या पोत्याच्या शिवणीत छोटी झुरळं मला दोनदा सापडली आहेत, तेव्हापासून पोतं गॅरेजमध्येच उघडतो.

आगरवाट (दापोली)

एक राहिलं. संडासाच्या टाकीच्या हवेच्या पाइपला वर तोंडाशी नायलॉनची जाळी बांधा. डास त्यातून हजारांनी निघतात. आरोग्यवाले दर वर्षी सांगतात, पंधरा रुपयांचं काम आहे, पण वर चढायचा कंटाळा. डेंग्यूचा डास मात्र साध्या स्वच्छ पाण्यात होतो. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा, त्याची अंडी काठाला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

रानजाई (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं करत गेले, ते लिहिते.

मृद्गंध, तुझा शालू आणि वही डोक्यातून जात नव्हती. त्याच रात्री चौकटीवरच्या रेघेचा अर्धा इंच तुकडा चाकूने काढला. आत पांढरट, तांदळाच्या कणीएवढ्या चार-पाच अळीसारख्या वाळव्या धावल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तुकडा बांधून पूर्ण, नवीन माती जुनीपेक्षा गडद आणि ओलसर. पीसीवाला दादांनी सांगितलेले प्रश्न विचारून तिघांना फोन केले. एकाने फोनवरच भाव सांगितला. दुसऱ्याने येऊन पाहिलं, चौकटीमागे बाथरूमचा पाइप झिरपतो आहे हे त्यानेच दाखवलं आणि आधी प्लंबर बोलवा, मग मी येतो म्हणाला. काम त्याला दिलं.

गॅलरीत एसीचा पाइप भिंतीतून जातो, तिथे काळी पट्टी गुंडाळलेली होती आणि मागे मोकळं. तिथून मुंग्या येत होत्या हे आता कळलं. एम-सील भरलं.

माळ्यावरची बावीस खोकी काढली. मिक्सरचं खोकं, टीव्हीचं खोकं, कधीतरी घर बदलताना लागतील म्हणून ठेवलेली. टीव्हीच्या खोक्याच्या घडीत अंड्यांच्या रिकाम्या पिशव्या चिकटलेल्या होत्या.

राहिला तो सोसायटीचा चेंबर. तळमजल्याच्या चारही घरांसमोरच्या चेंबरची झाकणं मोडलेली आहेत. चौघांशी बोलले, येत्या रविवारी गवंडी येतो आहे. चाळकरी काका, झाकणं बसवताना काय बघू?

चाळकरी (गिरगाव, मुंबई)

झाकणापेक्षा त्याची बैठक बघा. जुनी चौकट झिजलेली असते, नवीन झाकण तिच्यावर डुगडुगतं आणि कडेला बोटभर फट राहते. चौकट आणि झाकण जोडीनेच घ्या, खाली सिमेंटचा थर ओला असतानाच बसवून चारही कोपऱ्यांवर उभं राहून पाहा, हलता कामा नये. गवंडी जायच्या आत चेंबरच्या आतल्या विटांची भिंत टॉर्च मारून बघा. तिथे वीट निखळलेली असेल तर घूस तिथूनच तुमच्या जोत्याखाली शिरते आहे, ती आधी बसवून घ्या.